विषम आठवडे

५ ऑक्टोबर २०१५, सोमवार. आठवडा ४१, माझा.

शेवटी तेच. त्याने शीळ काढून टाकली.

सकाळी नऊला आमच्या स्टुडिओचं, म्हणजे युद्धकाळातल्या जुन्या बंकरचं, लोखंडी दार उघडलं, यंत्रं गरम होऊ दिली आणि ‘रूरओर्ट’ हा तुकडा लावला. आठवड्यापूर्वी मी तो सोडला तेव्हा त्यात वाऱ्याने ताणलेल्या दोरखंडांची शीळ होती. ती मिळवायला मी दोन दिवस बंदरावर मायक्रोफोन धरून थंडीत उभी होते. आता तिथे काही नाही. सगळं गालिच्याखाली घातल्यासारखं. टेबलावर फोल्कमारची चिठ्ठी : ‘रूरओर्ट, वरचं काढलं. कॉफी संपलीय.’

कारण दिलेलं नाही, आणि ते मागताही येत नाही, कारण नियम मीच लिहिला. चौदा वर्षं तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. विषम आकड्याचे आठवडे रोस्विटाचे, सम आकड्याचे फोल्कमारचे. दुसऱ्याच्या कामातलं काढता येईल, त्यात घालता येणार नाही. कारण सांगायचं नाही, विचारायचं नाही. तिसऱ्या आल्बमच्या वेळी एका ढोलाच्या ठोक्यावरून आम्ही अडीच महिने भांडलो होतो, त्यानंतरचा हा कागद. त्याच्या जोरावर तीन आल्बम झाले. हा सातवा. लोक विचारतात, दोघं मिळून कसं करता? मिळून करतच नाही, म्हणून होतं.

पण ‘पाणीपातळी’ माझ्या घरचा आल्बम आहे. राईनवर मालवाहू बोट चालवणारा माझा बाप रोज सकाळी रेडिओवर नदीची पातळी ऐकायचा, ठाण्यामागून ठाणं, आणि तेवढा वेळ घरात कुणी चमचा वाजवायचा नाही. आठ ठाणी, आठ तुकडे. हा आल्बम मला धूसर नको आहे.

आज ठरवलं. पुन्हा एकदा त्याने वरच्या सुरांची चमक काढली तर हा आल्बम माझ्या नावाने निघणार नाही, आणि पेंडेल ही आमची जोडी तिथेच संपेल. सव्वीस वर्षं पुरेत.

रागात लिहिलंय. उद्या वाचीन.

६ ऑक्टोबर

वाचलं. तसंच राहू दे.

११ ऑक्टोबर, रविवार

शीळ परत घातली. पहिल्यापेक्षा वर चढवून. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पबमध्ये चावी द्यायला गेले. फोल्कमार आधीच येऊन बसला होता, समोर दोन आल्ट बिअर, एक माझी.

“झालं का काही?” तो म्हणाला.

“ऐकशीलच.”

“ऐकीनच,” तो म्हणाला. मग म्हणाला, “शाळेत पोरांना परवा फ्यूज बसवायला शिकवला. एकाने उलटा बसवला. मी म्हटलं, बाळा, वीज तुला ओळखत नाही, ती कुणाचीच लाज राखत नाही.”

“मला कशाला सांगतोयस?”

“असंच. गप्पा.”

त्याच्याशी गप्पा मारणं म्हणजे भिंतीला टेकून बसणं. पूर्वी असं नव्हतं. हल्ली तो माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसा बोलतो, तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सोडून. मला त्याची चीड येते.

२३ ऑक्टोबर. आठवडा ४३, माझा.

पुन्हा काढलं. शीळ गेली, ‘काउब’मधली झांज गेली, आणि ‘एमेरिख’मधली बाबांच्या इंजिनाची घरघरसुद्धा गेली. चिठ्ठी : ‘रूरओर्ट, काउब, वरचं. एमेरिख, खालचं.’

आता खालचंही! म्हणजे माझं काहीच नको. वरचं गेलं, खालचं गेलं, मध्ये उरला तो फोल्कमार.

घरी आल्यावर नवरा, आर्न्ट, शेजाऱ्याला पत्र लिहीत बसलेला. शेजाऱ्याने गाडीच्या वायरी कुरतडणाऱ्या मार्टनांना, त्या मुंगसासारख्या प्राण्यांना, पळवायला बॉनेटमध्ये एक यंत्र बसवलंय, ते म्हणे दिवसभर किंचाळतं. आर्न्टचं डोकं दुखतं. मी खिडकी उघडून पाच मिनिटं उभी राहिले. कसलं किंचाळणं? माणूस पन्नाशीला आला की शेजाऱ्यांना पत्रं लिहू लागतो.

“तुला खरंच त्रास होत नाही?” त्याने विचारलं.

“मला बंकरमध्ये खरा त्रास होतो. हा असला घरगुती त्रास मला पुरत नाही.”

तो काहीतरी पुटपुटला. पुटपुटणं ही या घराची नवी भाषा आहे. वाचनालयातही तेच. तीन दिवस मी तिथे पुस्तकं देते-घेते, आणि हल्लीची मुलं पुस्तकाचं नाव विचारतात ते ओठांतल्या ओठांत. काल एका मुलीला तिसऱ्यांदा विचारलं तर ती रडवेली झाली. तिच्याशी मी वाईट वागले. हे खरं.

८ नोव्हेंबर

न्यायाने बघावं म्हणून आज वहीत मोजदाद केली. या आल्बममध्ये त्याने आजवर माझ्या नऊ गोष्टी काढल्या. त्यातल्या सात वरच्या, दोन खालच्या. मी त्याच्या चार काढल्या. ५ ऑक्टोबरला मी लिहिलं नसलं तरी मनात म्हटलं होतं, की तो ‘नेहमी’ काढतो. ‘नेहमी’ चूक आहे. पण नवातल्या सात हा योगायोग नव्हे. माझी चमक त्याला सहन होत नाही.

का? मत्सर असेल का? मागच्या आल्बमवर एका मासिकाने लिहिलं होतं, की पेंडेलचं हृदय रोस्विटाकडे आणि घड्याळ फोल्कमारकडे आहे. तेव्हा तो हसला होता. हसणाऱ्यांचा मला भरवसा नाही.

११ नोव्हेंबर

कार्निव्हलचा पहिला दिवस. सकाळी अकरा वाजून अकरा मिनिटांपासून गावभर विदूषक. त्याचा आठवडा असतानाही मी बंकरवर गेले, नियम मोडून. फक्त माझा मफलर आणायला, असं स्वतःला सांगत. दाराबाहेरून ऐकलं. दोन मीटर जाडीच्या भिंतीतून काय कळणार! तरी पंधरा मिनिटं उभी होते. शेजारून मधमाशीच्या वेशातला एक म्हातारा गेला, म्हणाला, “बाई, आत घेत नाहीत का?”

मफलर न घेताच परत आले. चोरासारखं वाटलं.

५ डिसेंबर. आठवडा ४९, माझा.

अकरा झाल्या. आठ वरच्या, तीन खालच्या.

पण आज वाचनालयात पुढच्या वर्षीचं कॅलेंडर लावताना एक गोष्ट दिसली. या वर्षाला त्रेपन्न आठवडे आहेत. आठवडा ५२ फोल्कमारचा. त्यानंतर ५३, विषम. मग नवं वर्ष, आठवडा १. तोही विषम! म्हणजे २८ डिसेंबरपासून १० जानेवारीपर्यंत सलग दोन आठवडे माझे. आणि ११ जानेवारीला, सोमवारी सकाळी नऊला, वुपर्टालला क्वास्टबाईंकडे आल्बमची मूळ तबकडी कोरायची वेळ ठरलेली. ती चुकली तर तबकड्या छापणाऱ्या कारखान्याची पाळी सहा महिने पुढे. म्हणजे माझ्यानंतर त्याचा हात लागायचा नाही.

शिडीवरच बसून राहिले. २००४ मध्ये आणि २००९ मध्येही असंच झालं असणार, पण तेव्हा आल्बम चालू नव्हता, लक्षातच आलं नाही.

ही लबाडी आहे का? खूप विचार केला. नियमात ‘आळीपाळीने’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘विषम’ आणि ‘सम’ एवढंच आहे. तरी मी लपवणार नाही. त्याला सांगीन. लबाडी लपवण्यात असते.

१३ डिसेंबर, रविवार

सांगितलं. पबमध्ये, कॅलेंडर समोर ठेवून.

त्याने ते बराच वेळ बघितलं. बोट ठेवून मोजलं. “त्रेपन्न,” तो म्हणाला. “आईशप्पथ.”

“नियम म्हणजे नियम.”

“हो. नियम म्हणजे नियम.” मग : “रोस्वी, एकदा एकत्र ऐकूया का? कुणाच्याच आठवड्यात नाही. माझ्या घरी, नाहीतर तुझ्या. बाजूबाजूला बसून.”

“का?”

त्याने कॅलेंडर माझ्याकडे सरकवलं.

“कारण सांग ना.”

“कारण सांगता येत नाही,” तो म्हणाला. आणि हसला. हसला!

हा कावा आहे. शेजारी बसवून, मान डोलावत, एकेक गोष्ट माझ्याकडूनच काढून घ्यायची. मी नाही म्हटलं. बिअर अर्धी टाकून उठले.

२ जानेवारी २०१६. आठवडा ५३.

सगळं परत. शीळ, झांज, पाण्यावरचे तुषार, जुन्या रेडिओची खरखर. आणि तिन्ही ठिकाणी बाबांचं इंजिन. आता ‘पाणीपातळी’ दिसते, काचेसारखी. काम करताना मी रडले. रडल्याचं लिहायला लाज वाटते, पण मग वही कशाला?

९ जानेवारी. आठवडा १.

आर्न्टला ऐकवलं. त्याने पहिल्या मिनिटातच चेहरा वाकडा केला आणि आवाज कमी करायला हात पुढे केला.

“कसं वाटलं?”

“टोकदार आहे,” तो म्हणाला.

टोकदार! सगळ्यांना गालिचा हवा. उद्या डिस्क तयार करणार, परवा वुपर्टाल. फोल्कमारला बोलावलं नाही. आजवर कोरायच्या दिवशी तोच जात असे. या वेळी मी जाणार.

११ जानेवारी, सोमवार

जसं झालं तसं लिहिते. कुणाच्याही बाजूने नाही, माझ्याही नाही.

क्वास्टबाई साठीच्या आहेत, मागच्या दोन आल्बमच्या तबकड्या त्यांनीच कोरल्या. मला बघून म्हणाल्या, “फोल्कमारसाहेब आजारी आहेत का?” मी म्हटलं, नाही, आज मी आलेय. त्यांनी डिस्क लावली, ‘रूरओर्ट’ वाजवलं, आणि दहा सेकंदांत थांबवलं.

“हे काय आणलंय तुम्ही?”

“आल्बम.”

“आल्बम नाही हो, उकळलेली किटली आहे ही.”

मी म्हटलं, तुमचं मत नको, कोरा. बाईंनी खांदे उडवले, एक तबकडी नमुन्यादाखल लावली, सुई खाली टेकवली. वीस सेकंदांत संरक्षक बटण खटकन पडलं. पुन्हा बटण वर केलं. पुन्हा पडलं. बाई म्हणाल्या, वरचे सूर इतके आहेत की सुई हलवणारी तारेची गुंडाळी तापतेय. ती जळाली तर नवी मिळायला वर्ष जातं.

“तुमचं यंत्र जुनं झालंय,” मी म्हटलं.

असं म्हणायला नको होतं. बाईंचे कान लाल झाले. “माझं यंत्र? बरं. तपासूया माझं यंत्र.”

यंत्र तपासायला त्या शुद्ध सूर वाजवतात. आधी हजार हर्ट्झ. ऐकला, कानाला टोचणारा, स्वच्छ. मग त्यांनी बटण फिरवलं आणि थांबल्या. मीही थांबले. भिंतीवर मागच्या पन्नास वर्षांच्या तबकड्यांची वेष्टनं होती, ती बघितली. खिडकीबाहेर रुळाखाली उलटी टांगलेली इथली रेल्वेगाडी नदीवरून गेली.

“सुरू करा ना,” मी म्हटलं.

“केलंय.”

“कधी?”

“अर्धं मिनिट झालं, बाई. दहा हजार आहे.”

मी मापाच्या काट्याकडे पाहिलं. काटा वर जाऊन उभा होता, जराही न हलता. आणि खोलीत काही नव्हतं.

मी म्हटलं, स्पीकरची वायर निघालीय. उठून वायर बघितली. घट्ट होती. म्हटलं, मग हेडफोन द्या. हेडफोनमध्येही काही नव्हतं. तेव्हा वळून बघितलं तर क्वास्टबाईंनी एका कानात बोट घातलेलं होतं.

“आता बंद करू का?” त्या हळूच म्हणाल्या. “माझे दात आंबलेत.”

मी डिस्क उचलली आणि बाहेर आले. त्या मागून म्हणाल्या, की १ फेब्रुवारीला त्या जागा करतील, कारखान्याची पाळी तोवर टिकेल, त्यानंतर नाही.

चार वाजता फोल्कमारच्या शाळेवर गेले. सायकलींच्या शेडपाशी तो सापडला.

“कधीपासून?”

मी कशाबद्दल विचारतेय हे त्याने विचारलंसुद्धा नाही. “दोन हजार अकराच्या उन्हाळ्यापासून. मला कळलं तेव्हापासून.”

“चार वर्षं!”

“साडेचार.”

“साडेचार वर्षं तू माझ्या मागून फडकं घेऊन फिरतोयस? सांगितलं का नाहीस?”

“कारण सांगायचं नाही.”

“तो नियम आवाजासाठी होता, गाढवा! माझ्या कानांसाठी नव्हता!”

“तसं तू लिहिलं नाहीस,” तो म्हणाला. मग पोरं बघतायत म्हणून आवाज खाली आणला, आणि लगेच माझ्याकडे बघून पुन्हा वर केला. “एकत्र ऐकूया म्हणालो होतो. तुला स्वतःलाच कळलं असतं.”

त्याच्या सायकलला लाथ मारली. ओळीतल्या चार सायकली पडल्या. तो एकेक उचलत बसला आणि मी निघून आले.

घरी येऊन वही चाळली. १३ डिसेंबर. म्हणाला होता. मी पुढे ‘कावा’ असं लिहून ठेवलंय.

१५ जानेवारी

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या ऐकण्याची रेघ काढून दाखवली. चार हजार हर्ट्झपर्यंत ठीक, तिथून कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली. दोन्ही कान. “काय काम करता?” सांगितलं. “बंकरमध्ये? पंचवीस वर्षं?” मग त्या लिहीत राहिल्या. कानात घालायची यंत्रं बोलणं ऐकायला मदत करतील म्हणाल्या. संगीताचं मात्र त्यांनी वचन दिलं नाही.

घरी आर्न्टला फैलावर घेतलं. “तुलाही माहीत होतं?”

“नाही गं.” तो खरोखर गांगरला. “मला वाटलं, तू माझं ऐकत नाहीस. म्हणजे, लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर बायको ऐकत नाही, तसं.”

म्हणजे या माणसाने काही वर्षं तेही गृहीत धरलं, आणि माझ्याशी नीट वागत राहिला. त्याच्यावर कशासाठी चिडावं हे मला ठरवता आलं नाही. तरी चिडले.

१९ जानेवारी

झोप नाही. प्रश्न एकच आहे. पाचवा आल्बम २००९ सालचा. सहावा २०१३ चा. सहाव्याबद्दल मासिकाने ज्याला हृदय म्हटलं, ते कुणी केलं? माझी चमक कुठे थांबवायची ते फोल्कमार ठरवत होता. ज्याने कात्री लावली, त्याचंच ते काम नाही का? मग मी कोण? नदीकाठी मायक्रोफोन धरणारी बाई.

आणि सातवा. त्याचा गालिचा खरा की माझी किटली, हे आता मी ठरवूच शकत नाही. पंच मीच आंधळी. ज्याचा निवाडा मला करता येत नाही त्यावर नाव कसं लावायचं? पण नाव काढलं तर बाबांची नदी फोल्कमारच्या एकट्याच्या नावावर वाहील. तेही खोटं.

२४ जानेवारी, रविवार

आज बंकरमध्ये दोघं गेलो. चौदा वर्षांनी एकाच वेळी. खुर्ची एकच होती. तो बिअरच्या क्रेटवर बसला.

मी वही पुढे टाकली. “अकरा गोष्टी. एकेक लाव. काढलेली आणि न काढलेली. आणि या वेळी कारण सांग.”

त्याने आठ वरच्या लावल्या. मला दोन्हींत फरक कळला नाही. त्याने सांगितलं काय ऐकू येतं ते. शाळेतल्या मास्तरसारखं सांगत होता. ‘काउब’ची झांज : दातांवर चांदीचा कागद. तुषार : तव्यावर पाणी. शीळ तुझी सुंदर आहे, म्हणाला, पण तू ती इतकी वर नेलीस की ती शीळ राहिली नाही, सुई झाली. मी लिहून घेतलं. पटलं असं नाही. पटवून घ्यायला माझ्याकडे काही नाही, म्हणून लिहून घेतलं.

मग म्हटलं, “आता या तीन. खालच्या.”

तो क्रेटवर जरा सरकला.

“खालचं मला नीट ऐकू येतं, फोल्कमार. डॉक्टरीणबाईंनी रेघ काढलीय. इंजिनाची घरघर शंभर हर्ट्झच्या खाली आहे.”

“हो.”

“मग?”

“ते कानांमुळे नाही.”

“मग कशामुळे?”

“आवडत नाही मला,” तो एकदम म्हणाला. “तुझ्या बाबांचं ते इंजिन. जिथे बघावं तिथे येऊन बसतं, उठायचं नाव नाही. आल्बम नदीचा आहे की तुझ्या बाबांच्या तेराव्याचा?”

मी उठले. “म्हणजे दया करून आठ काढल्यास, आणि त्याच दयेच्या पदराआड तीन चोरल्यास!”

“चोरल्या नाहीत. नियमाने काढल्या.”

“मला वाटत राहिलं तुला माझं काहीच नको! तुला फक्त माझा बाप नको होता!”

“तुझा बाप मला आवडायचा! त्याचं इंजिन आवडत नाही! दोन गोष्टी आहेत त्या!”

आम्ही किती ओरडलो असू? दारावर थापा पडल्या. वरच्या मजल्यावरच्या मेटल बँडचा ढोलवाला, कोपरापर्यंत गोंदलेला, खाली आला होता. म्हणाला, “जरा हळू घेता का? आमचं रेकॉर्डिंग चाललंय.”

दार लावलं आणि पुन्हा सुरू झालो. लिहायला विचित्र वाटतं, पण खरं ते लिहिते : साडेचार वर्षांत एवढं बरं मला वाटलं नव्हतं. हे भांडण माझ्या हक्काचं होतं. त्याने मला सांभाळून घेणं सोडलं होतं, बोलताना तोंडदेखील दुसरीकडे केलं होतं, आणि मला तरी सगळं ऐकू येत होतं.

तीन तास. ‘रूरओर्ट’मध्ये इंजिन राहणार, पूर्ण. ‘काउब’मध्ये राहणार, निम्म्या आवाजाने. ‘एमेरिख’मध्ये त्याने मान हलवली नाही. शेवटचं ठाणं आहे, तिथे नदी देश सोडून जाते, तिथे रिकामंच हवं म्हणाला. मी तासभर ऐकलं. शेवटी काढू दिलं. त्याचं बरोबर आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, पण हे मी माझ्या कानांनी ऐकून काढू दिलंय. वरच्या आठही त्याच्या म्हणण्याप्रमाणे गेल्या. शीळ त्याने एका जागी थोडी परत आणली. “इथे शोभते,” म्हणाला. मला काय!

१ फेब्रुवारी

क्वास्टबाईंनी कोरली. बटण पडलं नाही. मी यंत्राबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, “यंत्राला काही वाटत नाही, बाई, मला वाटलं होतं.” मग त्यांनी मला कॉफी दिली. त्यांच्याच कपात, मोठ्या.

८ फेब्रुवारी

वादळामुळे कार्निव्हलची मिरवणूक रद्द. कानातली यंत्रं आजपासून. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरात काटे-चमचे म्हणजे दंगल. शेजाऱ्याच्या गाडीचं किंचाळणं तरीही ऐकू आलं नाही. आर्न्टच्या पत्राने ते बंद झालंय, की माझ्यापर्यंत पोचतच नाही, हे विचारायचं टाळलं. दुपारी यंत्रं काढून डबीत ठेवली. राग जात नाही. कुणावर आहे तेही आता नीट सांगता येत नाही.

१० मार्च

कारखान्यातून नमुन्याच्या तबकड्या आल्या. सोबत कागद : तबकडी पूर्ण ऐकली आहे का? दोष आढळले का? हो / नाही. दोघांच्या सह्या.

फोल्कमारने ‘नाही’वर खूण करून सही ठोकली. मी दोनदा ऐकली, दोन्ही बाजू, यंत्रांसह आणि यंत्रांशिवाय. इंजिन आहे. नदी आहे. वरचा भाग पाण्याखाली गेलेल्या पायऱ्यांसारखा. आहे एवढंच माहीत.

कागदावर लिहिलं : ‘चार हजार हर्ट्झपर्यंत ऐकली. तेवढ्यात दोष नाही. त्याच्या वरचं मी ऐकलेलं नाही, ते फोल्कमारने ऐकलं.’ आणि सही.

“असं कुणी लिहीत नाही गं,” तो म्हणाला.

“खोटं आहे का?”

त्याने परत वाचलं. “खोटं नाही.”

“मग टाक पाकिटात.”

१५ मार्च

वाचनालयात असताना कारखान्यातून फोन आला. एक तरुण मुलगी. तिचा शब्द न् शब्द कळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की फोनवर चार हजारांच्या वरचं जातच नाही. तिथे सगळे तुमच्यासारखेच.

“तुमच्या कागदाबद्दल विचारायचं होतं,” ती म्हणाली. “आमच्या रकान्यात हे बसत नाही. म्हणजे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?”

पुढ्यात तीन वाचक उभे होते. मी त्यांच्याकडे पाठही केली नाही.

“मला वरचे सूर ऐकू येत नाहीत,” मी म्हटलं. “मी कानांनी अधू बाई आहे. हा आल्बम माझा आहे. त्यातला वरचा भाग मी कधी ऐकलेला नाही आणि ऐकणार नाही.”

जन्मात पहिल्यांदा हे मोठ्याने म्हटलं. कुणी परका माणूस आता काय म्हणेल, याची मी वाट बघत उभी राहिले. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली. “म्हणजे ‘नाही’ धरू ना? छापायला घेऊ?”

इतका संताप आला. एवढं बोलले त्याचं या मुलीने एका खुणेत काम आटोपलं होतं. तिला झापावं असं वाटलं. मग लक्षात आलं, की तिने दुसरं काय करायला हवं होतं हे मलाही सांगता आलं नसतं.

“घ्या छापायला,” मी म्हटलं.

आणि समोरच्या मुलीला म्हटलं, “मोठ्याने सांग, बाळ. मला ऐकू येत नाही. कुठलं पुस्तक हवंय?”